हाकेला उत्तर मागणारा माणूस

मळवलीत माझ्या शेजारच्या बंगल्यात भाड्याने राहणारा देवधर साहेब रोज सकाळी कुंपणावरून मला हाक मारतो आणि घड्याळाकडे बघतो.

"मावशी!"

"हाय, मेले न्हाई अजून!"

"आज उत्तराला उशीर झाला."

"शेगडीवर दूध व्हतं."

"म्हणजे लाइन चांगली आहे. मशीन बिझी होतं."

मशीन म्हणजे मी.

त्याचा धंदाच हा. कसलंसं मोठं काम गावोगावची मशिनं आपसांत वाटून करतात. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचून उत्तर यायला किती वेळ लागतो, ते हा घरबसल्या मोजतो. त्याचा पगारही मिळतो. मी चौथी शिकले, पण असली नोकरी असते हे कुणी बोललं नाही.

स्टेशनजवळच्या चहावाल्याला तो म्हणाला, "उशीर चहात नाही, कप विसळण्यात आहे." खरंच होतं. तेव्हापासून चहावाला त्याला न विसळलेल्या कपात चहा देतो.

एकदा "गॅस संपला" हा निरोप त्याने मला दोन वाटांनी धाडला. एक स्वतः ओरडून, एक दूधवाल्याकडून. दूधवाला माझ्याकडे पोचेपर्यंत निरोपातल्या सिलिंडरचा स्फोट झाला होता. साहेब खूश. "बघा मावशी, वाटेत निरोप बिघडतो!"

परवा मात्र मी वैतागले. हाक आली, बोललेच नाही. म्हटलं, बघू तरी काय करतो. दुसरी हाक आली. मग फोन वाजला. तोही वाजू दिला. तेवढ्यात कुंपण मोडल्याचा आवाज झाला, आणि साहेब माझ्या भातशेताच्या चिखलातून, एकाच पायात चप्पल, धावत माझ्या दारात. मागून दूधवाला, "म्हातारी गेली!" असं गावभर सांगत.

म्हातारी तांदूळ पाखडत बसलेली.

"एक डाव उत्तर न्हाई दिलं तर येवढं?" मी खेकसले. "कुंपण कोन बांधनार?"

साहेब पायरीवर बसला. दम लागला होता.

"आई नागपूरला एकटी राहायची," तो म्हणाला. "एक दिवस फोन उचलेना. मला वाटलं, लाइन खराब असेल. वाट बघत बसलो."

मी दूधवाल्याला हाकललं आणि पाण्याची बादली आणली.

"पाय पुढं करा."

त्याने केला. मग न सांगता दुसरा.

"उद्यापास्नं तितनं वरडू नका," मी चिखल धुता धुता म्हणाले. "दारात यायचं, मला डोळ्यानं बगायचं, आन जायचं."