आतली कडी

"दिवसभर त्याला एका खोलीत ठेवून दाखवा. मग बोलू," असं म्हणून मिस्त्रींची मुलगी चपला शोधू लागली. एक दाराशी सापडली, दुसरी बारक्याच्या तोंडात.

बारक्या म्हणजे कुत्रा. मिस्त्रींच्या बायकोने त्याला घरी आणलं तेव्हा तो ओंजळीत मावायचा, म्हणून हे नाव. आता तो अकरा महिन्यांचा होता आणि मागच्या पायांवर उभा राहिला की मिस्त्रींच्या डोळ्याला डोळा भिडवायचा. नाव बदलायला हवं होतं. पण ठेवणारी तीन महिन्यांपूर्वी गेली, आणि तिच्यामागे ते बदलायचा अधिकार कोणाचा, हे मिस्त्रींना ठरवता येईना.

"अगं, लहान आहे तो अजून."

"लहान? परवा तुम्हाला रस्त्यावरून फरफटत नेलं त्याने! उजवं मनगट बघा ते. दवाखान्यात दिवसभर लोकांच्या पट्ट्या बांधायच्या आणि घरी येऊन तुमच्या?" तिने ओली चप्पल झटकून पायात घातली. "साडेपाचला येते मी. सहाला तो मळेवाला येणार आहे. मोकळी जागा आहे त्याच्याकडे. घरात आणखी एक वस्तू जरी फाटली ना बाबा, तर बारक्या त्याच्याबरोबर जाणार."

"आणि नाही फाटली तर?"

"तर मळेवाला एकटाच परत जाईल. पण नीट दाराला कडी लावून ठेवा त्याला," असं ती बोलली मात्र, आणि तिने जीभ चावली.

कारण त्या घरात आतल्या दारांना कड्याच नव्हत्या. मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांची दारं बसवली. स्वतःच्या आतल्या खोलीचं दार मात्र बसवून तसंच राहिलं. बायको म्हणायची, "एक कडी लावा हो." मिस्त्री म्हणायचे, "उद्या." असा उद्या एकतीस वर्षं चालला. शेवटी ती कॅलेंडरचं जुनं पान घडी करून दाराच्या फटीत खोचायची.

मुलगी गेल्यावर मिस्त्रींनी बारक्याला न्हाणीघरात घातलं आणि दाराला बाहेरून स्टूल लावलं. आतून धडाम् असा आवाज आला. दार खालून कुजलेलं होतं, तिथे भोक पडलं. त्या भोकातून आधी बारक्याचं डोकं आलं, मग सगळा बारक्या, आणि मग त्याच्या गळ्यात अडकलेलं बादलीचं कडं.

"बादली फुटली," मिस्त्री त्याला समजावून सांगू लागले. "फाटली नाही. अजून बिघडलं नाही काही."

मग त्यांनी त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला बांधलं. टेबल त्यांच्या हातचं होतं. दहा मिनिटांनी टेबल बाहेरच्या खोलीत आलं, बारक्यामागोमाग. वाटेत पिठाचा डबा आडवा झाला होता. मिस्त्रींनी खाली वाकून टेबलाचे सांधे तपासले. एकही हलला नव्हता. क्षणभर त्यांना अभिमानच वाटला, मग पीठ दिसलं.

"सांडलं," ते म्हणाले. "तेही फाटणं नव्हे."

आता राहिली आतली खोली. तीन महिने तिचं दार तसंच होतं, फटीत तिने घट्ट खोचलेल्या पानासकट. मिस्त्री बाहेरच्या खोलीत बाकावर झोपत. बारक्या मात्र रोज त्या दारावर पंजे मारायचा. रंग पार खरवडून निघाला होता.

मिस्त्रींनी हत्यारांची पेटी उघडली आणि तळातून एक कडी काढली. कधीतरी घरासाठी म्हणून बाजूला ठेवलेली. कागद हळूच ओढून खिशात ठेवला. बारक्याला बाहेर सोडणं शक्य नव्हतं, म्हणून त्याचा पट्टा स्वतःच्या कमरेला बांधून ते त्याच्यासकट आत गेले आणि दार लोटून कामाला लागले. ते डाव्या हाताने स्क्रू पिळत असताना बारक्याने त्यांना तीनदा पलंगापर्यंत नेलं, ते तीनदा परत आले. शेवटी कडी बसली. मिस्त्रींनी ती सरकवली, दार ओढून पाहिलं. हललं नाही.

"झालं!" ते म्हणाले. "आता तू आत आणि मी..."

कडी आतून होती. चाळीस वर्षं लोकांच्या आतल्या खोल्यांच्या कड्या ते आतूनच बसवत आले होते. बारक्याला कोंडायचं तर कोणीतरी आत राहून कडी लावायला हवी होती.

त्यांनी पट्टा सोडला आणि पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला. तेवढ्यात बारक्या पलंगाखाली घुसला आणि काहीतरी निळं ओढून बाहेर आला. तिचा स्वेटर. सकाळी त्याला फिरवायला नेताना ती घालायची तो.

"नको रे," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. फाटण्याचा आवाज येईल म्हणून ते थांबले.

आवाज आला नाही. डोळे उघडले तर बारक्याने स्वेटर फरशीवर ठेवला होता आणि त्यात नाक खुपसून तो पडला होता. शेपूटसुद्धा हलत नव्हतं. मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसले. थोड्या वेळाने तो स्वेटरसकट सरकत आला, आणि त्यांच्या मांडीवर डोकं टाकून झोपून गेला. तीन महिन्यांत दिवसा असा तो झोपला नव्हता. मिस्त्रीही नव्हते.

"बाबा!" मुलीच्या हाकेने त्यांना जाग आली. "अहो, घराचं हे काय केलंय! बादली? पीठ? बारक्या कुठंय?"

"आत आहे."

"आणि तुम्ही?"

"मी पण."

तिने दार ढकललं. "कडी कोणी लावली?"

"मीच लावली. तुझी आई म्हणत होती ना."

तिने दार ढकलणं थांबवलं. मग म्हणाली, "बरं, काढा आता."

"उठता येत नाही गं. हा मांडीवर झोपलाय." मिस्त्री जरा थांबले. "तिचा स्वेटर सापडलाय. निळा. बघितला मी सगळा, कुठे फाटला नाही."

दारापलीकडे ती खाली बसल्याचा आवाज आला. सहाला बाहेरच्या दाराची घंटा वाजली. मुलीची पावलं तिकडे गेली आणि तिचा आवाज ऐकू आला.

"आज नाही जमणार हो. उद्या या."

त्या घरातला उद्या किती लांबचा असतो, हे मळेवाल्याला कुठून माहीत असणार? तो बरं म्हणून गेला.

पावलं परत आली. दाराच्या खरवडलेल्या भागावर बाहेरून हलकेच टकटक झाली.

"काढा ना कडी, बाबा. मलाही आत यायचंय."