लांजेवारकाकूंचे नाइटवाले

आमच्या शेजारच्या लांजेवारकाकूंनी आजवर एकही भूत मारलेलं नाही. ज्या खेळात पहिली रात्र काढायची तर चार-दोन भुतं मारावीच लागतात, तो खेळ त्या रोज दुपारी खेळतात, आणि भूत दारात आलं की उठून दार उघडतात. भूत त्यांना मारतं. काकू मरतात आणि खेळाच्या नियमाप्रमाणे आपल्याच खाटेवर पुन्हा जाग्या होतात. "थकून आला असन बिचारा," म्हणतात, "थकला मानूस चिडतेच." आणि पुन्हा दार उघडायला निघतात.

मला हे सगळं इतकं तपशीलवार ठाऊक आहे, कारण भिलईच्या वैशाली नगरातलं त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीचं आहे आणि वायफाय माझं आहे. ते बंद पडलं की काकू लाटण्याने भिंत ठोकतात. मी सकाळच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि दुपारी जेवून नेमका त्याच भिंतीला डोकं लावून पडतो. दुपारची झोप ही माझी एकुलती एक चैन. तिच्यावर त्या लाटण्याचे घाव पडायला लागले, तेव्हा मी आधी चिडलो, मग बघायला गेलो, आणि गेलो तो अडकलोच.

खेळ तसा साधा. टॅबलेटवर एक दुनिया उघडते. तिच्यात माती, दगड, झाडं, अगदी डुकरंसुद्धा चौकोनी ठोकळ्यांची. खणा, घर बांधा, शेती करा, मनाला येईल ते करा. जिंकणं नाही, हरणं नाही. पुण्याच्या नातीने आजीला व्हिडिओ कॉलवर तो शिकवला होता, दोघींनी रोज मिळून खेळायचं ठरलं होतं. महिन्याभरात नात दुसऱ्या खेळात गेली आणि आजी तिथेच राहिली. काकू त्या जागेला 'टाउनशिप' म्हणतात. खेळताना बहिणीचा फोन आला तर सांगतात, "आता टाउनशिपमध्ये हाय वो, मंग करते."

खरी भानगड पुढे आहे. त्या दुनियेत खेळणारा एकटाच असतो, पण आपल्याआधी कोणीतरी इथे राहून गेलं, अशा खुणा जागोजागी सापडतात. जमिनीखाली सोडून दिलेल्या खाणी असतात, त्यांत रूळ आणि ढकलगाड्या. ओसाड घरं असतात, त्यांतल्या पेट्यांत भाकरी तशीच पडलेली. ही माणसं कोण होती आणि गेली कुठे, हे खेळ बनवणाऱ्यांनी सांगितलेलं नाही. त्यामुळे जगभरातले रिकामटेकडे लोक तासतासभराचे व्हिडिओ करून आपापले सिद्धान्त मांडत असतात. कोणी म्हणतं साथ आली, कोणी म्हणतं युद्ध झालं, कोणी म्हणतं ते दुसऱ्या जगाचं दार उघडून पसार झाले. एका गोष्टीवर मात्र बहुतेकांचं एकमत आहे. जे मागे राहिले ते मेले, आणि रात्री हिरव्या तोंडाने, हात पुढे करून फिरतात ती त्यांचीच भुतं.

लांजेवारकाकूंना हे साफ नामंजूर आहे.

"कोनी मेलं-बिलं नाई," त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "ड्यूटीवर हायेत."

त्यांचं म्हणणं असं की जिथे खाण आहे, रूळ आहेत आणि घराघरात भट्टी आहे, तिथे आसपास आमच्या भिलईसारखा पोलादाचा प्लांट असलाच पाहिजे. मी भूगोलाचा मास्तर या नात्याने विचारलं की मग तो दिसत का नाही, धूर कुठे आहे. काकूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. नकाशा अजून पूर्ण कुठे झालाय, त्या चालूनच राहिल्या आहेत, असं मला ऐकवण्यात आलं. तेव्हापासून त्या रोज थोड्या पूर्वेकडे चालतात.

एकदा प्लांट मान्य केला की बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं. त्या दुनियेत काही गावकरी आहेत. ते दोन्ही हात बाह्यांत घालून उभे असतात, काहीही विचारलं तरी 'हंऽ' करतात आणि काही दिल्याशिवाय काही देत नाहीत. ते टाउनशिप ऑफिसातले बाबू. हाडांचे सापळे आहेत, ते ठेकेदाराचे मजूर. "म्हनून एवढे वाळले. पन बान कावून मारतात, ते मले अजून नाई समजलं," एवढी त्रुटी काकू प्रामाणिकपणे कबूल करतात. एक हिरवा प्राणी गुपचूप मागून येतो, 'स्स' असा आवाज करतो आणि फुटतो. तो गॅस. गॅसशी बहादुरी करायची नसते, आवाज आला की वाऱ्याची दिशा बघून पळायचं, हे काकूंना भिलईत कोणी शिकवावं लागलं नाही. आणि एक उंच, काळा, लांब हातांचा इसम आहे. तो इथला ठोकळा उचलून तिथे ठेवतो, तिथला तिसरीकडे नेतो, आणि कोणी त्याच्या डोळ्यांत पाहिलं तर भयंकर संतापतो. तो कोण, हे मी विचारलं तेव्हा काकूंनी आवाज खाली केला. "साहेब," त्या म्हणाल्या.

राहता राहिली रात्रीची भुतं. ते काकूंचे 'नाइटवाले'.

या विषयातला काकूंचा अभ्यास दांडगा आहे. लांजेवारकाका साकोलीकडचं शेत भावाच्या हवाली करून तरुणपणी इथे आले आणि प्लांटच्या कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, लागले. मरोद्याला, प्लांटच्या क्वार्टरमध्ये दोघांचा सगळा संसार झाला. काका नाइट करून सकाळी सायकलवर यायचे, दार ठोकायचे आणि काकू उघडायच्या. त्यामुळे भुतांबद्दलच्या माझ्या प्रत्येक शंकेला काकूंकडे घरगुती उत्तर आहे. उन्हात ती जळतात का? नाइट करून आलेल्या माणसाला सकाळचं ऊन सोसतच नाही. हात पुढे का करतात? हाताचा कोळसा कपड्यांना लागू नये म्हणून, घरच्या माणसाने पाणी घालेपर्यंत हात तसेच धरावे लागतात. घशातून घरघर का? रात्रभर धूळ खाल्ल्यावर कोण भजन म्हणेल?

"आन सगळ्यात मोठी गोष्ट पाय तू," काकू बोट उगारून म्हणाल्या. "ते दार ठोकतात. चोर दार ठोकत नाई, भूतही ठोकत नाई. घरचा मानूस ठोकते."

मी म्हटलं, काकू, पण तो आत येऊन तुम्हाला मारतो. त्यावर काकू म्हणाल्या की दार आपलं आणि उघडणारी बाई भलतीच दिसली, तर माणूस बिथरणारच.

पुढे त्यांनी हा सिद्धान्त जगापुढे मांडायला घेतला. जवान पोरं तलवारीने भुतं कापतानाचे व्हिडिओ टाकतात, त्यांच्याखाली काकू हिंदीत लिहायला लागल्या, "बेटा, पहले दरवाज़ा खोलकर पूछ तो लेते, कौन है." उत्तरादाखल हसून लोळणाऱ्या पिवळ्या तोंडांच्या रांगा यायच्या. एकाने विचारलं, आंटीजी, आप किस लेवल पर हैं? काकूंनी सरळ उत्तर दिलं, "पहले मरोदा, अब वैशाली नगर." मग एका भल्या माणसाने आपल्या व्हिडिओत 'नाइट शिफ्ट थ्योरी' म्हणून काकूंचं मत दोन मिनिटं सांगितलं. आपल्याला त्याचं काहीच नाही, असा चेहरा करून काकू त्या दिवशी आमच्याकडे बेसनाच्या कुरकुरीत ठेठरीचा अख्खा डबा देऊन गेल्या.

हे सगळं चालू असताना काका व्हरांड्यात बसलेले असतात. देखणा, उंच माणूस. पण आताशा त्यांचं डोकं मागेपुढे होतं. मला कधी बरोबर सुधीर म्हणून ओळखतात, कधी फोरमनच्या नावाने हाक मारतात. एवढंच असतं तर निभलं असतं. पण रिटायर झाल्यावर मरोद्याचं क्वार्टर सोडावं लागलं, हे काकांच्या डोक्यातून पुसलं गेलं आहे. एखाद्या पहाटे ते डोक्यावर टोपी घालतात, डब्याची थैली घेतात आणि चालत मरोद्याला जाऊन जुन्या क्वार्टरचं दार ठोकतात. नाइट करून घरी आलेले असतात ते.

तिथे आता दुसरं कुटुंब राहतं. तरुण नवरा-बायको आणि एक लहान मूल. नवरा स्वतः शिफ्टमध्ये, त्यामुळे बरेचदा बायको एकटी घरात आणि बाहेर अनोळखी म्हातारा दार ठोकतोय. पहिल्यांदा ते समजुतीने वागले. मग घाबरले, मग वैतागले. शेवटच्या खेपेला त्या नवऱ्याने काकूंना बजावलं की पुन्हा असं झालं तर तो पोलिसांना बोलावेल. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

काकूंच्या पुण्याच्या मुलाने फोनवर सांगितलं, फाटकाला आतून कुलूप लाव, नाहीतर दोघं इकडे या. मी कुलपाच्या बाजूचा होतो. चांगलं जाड कुलूप आणूनही दिलं. काकूंनी ते गच्चीवर वाळत घातलेले पापड उडू नयेत म्हणून ठेवलं. मी नेट लावल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला.

"ज्यानं जनमभर येनं-जानं केलं, त्याले कोंडून ठेवू का?" त्या म्हणाल्या. "तो कोनाले मारत नाई, शिवी देत नाई. दार तर ठोकते."

मी म्हटलं, पण ते दार आपलं राहिलं नाही ना काकू. त्या टॅबलेट उघडून पूर्वेकडे चालायला लागल्या.

मग गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी भिंत वाजली. मी अंथरुणातूनच ओरडलो की वायफाय चालू आहे. भिंत पुन्हा वाजली. या वेळी लाटणं नव्हतं, हात होता. मी उठून बाहेर आलो तर काकू फाटकात शाल गुंडाळून उभ्या, आणि व्हरांड्यातली खुर्ची रिकामी.

स्कूटरवर त्या एकच वाक्य बोलल्या. "पोलिसाले बोलावलं असन का रे?"

मरोद्याला पोचलो तेव्हा काका दारासमोर उभे होते आणि शांतपणे ठोकत होते. थोडं थांबायचे, पुन्हा ठोकायचे. "अवो, उघड ना," म्हणत होते. खिडकीचा पडदा हलत होता. आत मूल रडत होतं. शेजारच्या क्वार्टरमधला एक बनियनवाला गृहस्थ फाटकाशी मोबाइल हातात घेऊन उभा होता, नंबर लावायच्या बेतात. मी घाईने काकांचा हात धरायला निघालो तर काकूंनी माझी बाही ओढली.

"नको नेऊ त्यायले," त्या म्हणाल्या. "असे नेले, तर परत येतीन. त्यायचं घरी येनं अजून झालं कुठं?"

बनियनवाल्यासमोर हात जोडून "भैया, पाँच मिनट" म्हणत त्या मागच्या गल्लीत शिरल्या. मला कळेना, या चालल्या कुठे. पुढे समजलं की त्यांनी मागच्या दाराशी जाऊन आतल्या बाईला तिच्याच छत्तीसगढीत विनवलं, नोनी, झन डर्रा, मोला भितरी आवन दे, म्हणजे पोरी, घाबरू नको, मला आत येऊ दे. ती तरुण पोरगी मुलाला काखेत घट्ट धरून उभी होती. तिने मागचं दार उघडलं. काकू त्या परक्या घरातून, जे सगळं आयुष्य त्यांचं घर होतं, तशाच पुढे आल्या. आतून कडी वाजली आणि पुढचं दार उघडलं.

"आले का जी?" काकू म्हणाल्या.

"केव्हाचा ठोकून राहिलो," काका म्हणाले. आवाजात राग होता, आणि त्याहून जास्त भीती होती. "आयकू नाई येत का तुले?"

"डोया लागला होता माझा," काकू म्हणाल्या. "या, आत या."

काकांनी थैली त्यांच्या हातात दिली, उंबऱ्याशी बूट काढले आणि आत जाऊन बसले. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला बाहेरून दिसलं. मी स्कूटरपाशी उभा राहून रडलो, अगदी उघड्यावर. बनियनवाल्याने मोबाइल खिशात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला की दाढीचं पाणी गार होत असेल, आणि आत गेला.

मी दारापर्यंत गेलो तेव्हा काका खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. ती पोरगी मुलाला थोपटत भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत होती. तिने हळू आवाजात काकूंना विचारलं, फिर आएँगे क्या? विचारण्यात राग नव्हता.

"पता नहीं, बेटी," काकू म्हणाल्या. "आए तो बस खोल देना. पानी दे देना और मुझे फोन कर देना. मैं आ जाऊँगी."

पोरीने थोडा विचार केला. नवऱ्याला मी समजावीन, म्हणाली. मग म्हणाली, "खोलकर बोलना क्या है? आपने जो बोला, वो."

काकूंनी तिला सांगितलं. तिने ते पुटपुटून पाहिलं, 'जी' चुकून आधी आला. काकूंनी पुन्हा सांगितलं. पोरगी दाराकडे तोंड करून उभी राहिली, काखेतलं मूल सावरलं आणि नीट, सावकाश म्हणाली, "आले का जी?"

"व्हय," काका डोळे न उघडता म्हणाले.