दोनशे वर्षांचा अंदाज

रविवारी सकाळी दाढी करता करता मी ठरवलं, सासूबाईंच्या दोन चिनी बरण्यांचं वय काढायचं. (बायकोने त्याच सकाळी माळा आवरायला सांगितलं होतं, हा निव्वळ योगायोग.) जुनी चिनी मातीची भांडी कशी ओळखावीत, यावरचं लायब्ररीतलं एक पुस्तक मी जवळजवळ अर्धं वाचलं होतं.

तासभर भिंगातून बरण्या पाहिल्या आणि थोरलीचा निष्कर्ष कळवायला ऑफिसातल्या हेडक्लार्कना फोन लावला.

"दोनशे तरी असेल वय. मान आखूड, पोट सुटलेलं. वरून चकाकी आहे, पण बुडाशी पार झिजलीय. गिऱ्हाईक मिळालं तर काढून टाकावी म्हणतो. नुसती जागा अडवते."

फोन ठेवून वळलो तर दारात सासूबाई. हातात माझा चहा होता. तो घेऊन त्या परत गेल्या.

दहा मिनिटांनी बायको आली.

"आई बॅग भरतेय. दादाकडे जाते म्हणते. काय बोललास तिला?"

"अगं, मी बरणीबद्दल बोलत होतो."

"आईला बरणी म्हणालास?"

"दोनशे वर्षांची," सासूबाई आतून म्हणाल्या.

मी जितका खुलासा करावा, तितकी बॅग भरत गेली. शेवटी साक्षीदार म्हणून संग्रहालयातल्या तज्ज्ञांना रिक्षात घालून घरी आणलं. त्यांनी थोरली बरणी उलटी केली.

"साठ वर्षांची, कारखान्यातली. झीज मुद्दाम घासून केलीय, ओरखडे सगळे एकाच दिशेने आहेत. खरी जुनी ती धाकटी."

धाकटीत मी भिंग पुसायचं फडकं कोंबलं होतं.

"मला ठाऊक होतं," बॅग धरून उभ्या सासूबाई म्हणाल्या. "जुनीचा काठ बोटाला मऊ लागतो. मला कुणी विचारलंच नाही."

तज्ज्ञांनी पिशवीतून एक वाडगा काढून त्यांच्या हातात दिला. "आणि हा?"

त्यांनी डोळे मिटून काठावरून बोट फिरवलं. "शंभराच्या आतला."

"नव्वद," तज्ज्ञ म्हणाले आणि खुर्चीवर नीट सावरून बसले.

बॅग रिकामी झाली. आता आठवड्यातून दोनदा सासूबाई संग्रहालयात भांड्यांची वयं सांगायला जातात. त्यांना सोडायला मी जातो. परवा तिथल्या पहारेकऱ्याने मला हात धरून पायऱ्या चढवल्या आणि सासूबाईंना अदबीने विचारलं, "हे आपले थोरले बंधू का?"

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नाही म्हटलं नाही.