रामाच्या देवळांत बसविलेल्या सरदारांची बखर

श्रीराम समर्थ. ज्याच्या नामें वीणा वाजे त्या प्रभूस दंडवत घालून, शके सोळाशें एकुणसत्तर, आश्विन मासीं, एका राज्यीं वर्तलें वर्तमान लिहितों, तें ऐसें जे: राजदरबारीं रखमाजी चोपदार असत, आणि दसऱ्याचे दिवशीं मानाच्या क्रमें सरदारांस पुकारावें, मग पुकारलेल्यानें उठून मुजरा करावा, ऐसी चाल. परंतु रखमाजींस नांवें राहत नसत. गतवर्षीं भापकरांआधीं ढवळे पुकारिले आणि भर दरबारीं तरवारी उपसल्या, मग महाराज गर्जले, "पुन्हा चुकलास तर काठी तुझ्या मेव्हण्याचे हातीं!" मेव्हणा तेव्हांपासून मिशांस तूप लावूं लागला.

रखमाजी रडवेले होऊन भानुबोवा कीर्तनकारांकडे गेले. बोवा म्हणाले, "अरे रखमा, माझें कीर्तन तुला खोकल्यासकट पाठ, मग हीं चार नांवें कां राहीनात?"

"बोवा, कीर्तनांत राम असतो. यांच्यांत काय आहे?"

"मग यांसच रामाच्या देवळांत बसव! स्थूल भापकर महाद्वारांत अडकले, उंच ढवळे दीपमाळेवर चढले, खोरडे कासवावर स्वार आणि घोणसे घंटेस लोंबकळले. तूं नुसता देवळांत चालत जा."

दसरा उगवला आणि रखमाजींनीं डोळे मिटिले, पायांत नसलेले जोडे काढिले आणि मनें देवळांत शिरले. "भापकर! ढवळे! खोरडे!" आणि हवेंत घंटेचा टोल देऊन "घोणसे!" क्रम चोख उतरला, मेव्हण्याच्या मिशा पडल्या. परंतु दर्शन झालें आणि प्रदक्षिणेवांचून परतावें हें रखमाजींच्या रक्तांत नाहीं, मग मनें वळसा घालून पुन्हा महाद्वारीं आले आणि पुकारिलें, "भापकर!" न उठावें तर मान ढवळ्यांस जाईल, म्हणोन भापकर धापा टाकीत उठले, आणि मागोमाग ढवळेही उठले.

महाराज म्हणाले, "चोपदार, हें काय चालविलें?"

"महाराज, प्रदक्षिणा," ऐसें बोलून रखमाजींनीं सारें निवेदन केलें.

"आम्ही दारांत अडकलों?" भापकर गरजले.

महाराजांनीं हातानें गप्प केलें आणि पुसिलें, "आणि आम्हांस कोठें बसविलें? गाभाऱ्यांत?"

रखमाजींनीं मनांत म्हटलें, होय म्हणावें तर काठी वांचते, परंतु देवळांत उभें राहून खोटें कैसें बोलावें? "गाभारा रामाचा, महाराज. आपण टाळकऱ्यांत, माझ्या शेजारीं. टाळ जरा मागें पडतो आपला."

महाराज पोट धरून हंसले आणि म्हणाले, "शिकवा मग. क्रम चुकला नाहीं, काठी तुमचीच. आणि प्रदक्षिणा अर्धी टाकूं नये, पुढें चला!"

तात्पर्य, काठी राहिली, महाराज कीर्तनास बसूं लागले, आणि त्या दरबारीं मुजरा दोनदां करावयाची चाल पडली. राजे पालटले, चोपदार पालटले, चाल अद्याप चालते; कां, म्हणोन पुसावें तर कोणास आठवत नाहीं.