नाना आणि फुटलेली नळी

देवळापुढच्या दुकानातून घेतलेला नारळ कुजका निघाला, की लोक देव पावला म्हणून हात जोडतात. आमच्या नानांनी तो दोन्ही भकलांसकट उचलला आणि दुकानदारापुढं नेऊन ठेवला.

"अहो नाना, देव पावला तुम्हाला," दुकानदार म्हणाला.

"देव पावला ते लई बरं झालं. नारळ न्हाई पावला. दुसरा द्या."

दुकानदारानं दुसरा दिला. नानांना सगळेच शेवटी दुसरा द्यायचे. त्यांनी बॅटरीचे सेल परत केले होते, छत्री परत केली होती, आणि एकदा लग्नातल्या आचाऱ्याला अख्खी बुंदी परत तळायला लावली होती. मी त्यांच्या गावात विविध कार्यकारी सोसायटीचा गटसचिव म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात ते खताचं पोतं पाठीवर घेऊन दारात उभे राहिले. "सेक्रेटरी, ह्यात ढेकळं हायेत. ढेकळं आमच्या रानात फुकट भेटतात."

गाव माजलगावच्या अलीकडं, सिंदफणेच्या काठावर. नाना तिथले मोठे बागायतदार आणि सोसायटीचे संचालक. उंच, काटकुळे, पांढऱ्या धोतरावर खाकी कोट. "आपलं म्हणणं एवढंच हाय" ही त्यांची सुरुवात. ती ऐकली, की बैठकीतले लोक भिंतीला पाठ टेकून आरामात बसत, कारण पुढं अर्धा तास तरी ते 'एवढंच' संपत नसे.

नानांकडं दुनळी बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्याची. सलग दुष्काळाची वर्षं. धरणाचा तळ उघडा पडलेला, रानात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. विहिरीच्या जिवावर नानांनी थोडा ऊस धरला होता. अर्ध्या गावाची जनावरं त्याच्या वाड्यांवर, म्हणजे हिरव्या शेंड्यांवर, जगत होती. रानडुकरांनाही ते ठाऊक होतं. म्हणून रोज दिवेलागणीला नाना बांधावर उभे राहून एक बार काढत. डुकराला गोळी लागल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. नाना नळी आभाळाकडं धरत आणि डुकरं ओढ्यापलीकडं जात. दोन्ही पक्षांना हा व्यवहार मान्य होता.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या कामासाठी मी त्यांच्याबरोबर बांधावर होतो. नव्या पेटीतलं पहिलं काडतूस त्यांनी उजव्या नळीत घातलं आणि चाप ओढला. आवाज नेहमीचा नव्हता. काहीतरी फाटल्यासारखा झाला. धूर विरला तेव्हा नाना खाली बसलेले दिसले, तोंड काळं, डाव्या तळहातातून रक्त. बंदूक शेजारी पडली होती. उजवी नळी, जिथं काडतूस बसतं तिथंच, चिरली होती.

मी धावत गेलो. नानांनी माझ्याकडं पाहिलं.

"सेक्रेटरी," ते म्हणाले, "माल खराब निघाला."

माजलगावात हाताला टाके पडले. दवाखान्यातून ते घरी न जाता सरळ ठाण्यात गेले, कारण परवान्याच्या हत्याराला काही झालं तर रीतसर कळवायला हवं. ठाण्यातले जमादार जांभई देत होते.

"काय झालं?"

"फुटली."

"कोण फुटली?"

"नळी. जास्त दारूनं झालं."

जमादार सरळ बसले. "कोण प्यायलं होतं?"

"काडतूस," नाना म्हणाले.

दारू म्हणजे बंदुकीची दारू, हे मला मधे पडून समजवावं लागलं. तरी जमादारांनी नानांच्या तोंडाचा वास घेतलाच. मग गंभीरपणे म्हणाले, "नाना, नीट बघा. तुमचा हलगर्जीपणा ठरला, तर परवाना जाईल."

गावाचं मतही जमादारांसारखंच झालं. कारखान्यात यंत्रावर भरलेलं काडतूस चुकीचं कसं असेल? नानांचंच वय झालं. पारावर कुणीतरी म्हणालं, की आता नानांना स्वतःलाच परत करायची वेळ आली. नानांनी ते ऐकलं. खाली मान घालून ते घराकडं वळले, हे मात्र मला लागलं. असे मान घालून जाणारे नाना मी तोवर पाहिले नव्हते.

उरलेली पेटी आणि फुटकी बंदूक घेऊन ते बीडला निघाले. मला बरोबर घेतलं, 'साक्षीदार' म्हणून. वाटेत माजलगावच्या ओळखीच्या सराफाकडून त्यांनी सोनं तोलायचा लहान तराजू मागून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही.

बीडच्या ज्या बंदुकीच्या दुकानातून पेटी घेतली होती, तिथं काडतुसांच्या कंपनीचे साहेब आले होते. नानांनी फोनवरून दुकानदाराचा इतका पिच्छा पुरवला होता, की त्यानंच साहेबांना बोलावून घेतलं होतं. साहेबांनी नळी उजेडात फिरवून पाहिली आणि ठरलेलं उत्तर दिलं.

"काका, नळीत चिखल गेला असेल. चिखलानं नळी फुटते."

नाना खुर्चीत थोडे पुढं सरकले.

"चिखल? आमच्याकडं चिखल कुठं हाय, साहेब? दोन वर्षं झाली पाऊस न्हाई. चिखल असता, तर बंदुकीत कावून घातला असता? बैलाला दाखवायला जपून ठेवला असता."

दुकानदार हसला. साहेब हसले नाहीत. नाना पुढं म्हणाले, "अन् चिखल नळीच्या तोंडात जातो. फुटली हाय ती बुडात. आपलं म्हणणं एवढंच हाय."

मी भिंतीला पाठ टेकली. पण त्या दिवशी खरंच ते तेवढ्यावरच थांबले. त्यांनी तराजू काउंटरवर मांडला आणि एका पारड्यात एक काडतूस, दुसऱ्यात दुसरं ठेवलं. एक पारडं खाली गेलं. काडतुसं बदलली. आता दुसरं गेलं. पेटीतल्या सारख्या दिसणाऱ्या काडतुसांमध्ये एकाचा मेळ दुसऱ्याशी नव्हता.

"थोडा फरक असतोच," साहेब म्हणाले.

नानांनी सगळ्यात जड काडतूस उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "मग हे तुमी उडवा. मागं मोकळं रान हाय. मी सेक्रेटरीला घेऊन रस्त्याच्या पलीकडं थांबतो."

साहेबांनी त्या काडतुसाकडं पाहिलं, मग नानांच्या पट्टी बांधलेल्या हाताकडं. काडतूस त्यांनी अलगद खाली ठेवलं. दुकानदाराकडून हत्यारं मागून घेतली आणि एक हलकं, एक जड अशी दोन काडतुसं स्वतःच उघडली. दोन कागदांवर दारूचे दोन ढीग पडले. एक चिमणीच्या खाण्याएवढा होता, दुसरा कोंबडीच्या.

"काका, चूक आमची आहे," साहेब म्हणाले. "नवी नळी कंपनी बसवून देईल. ठाण्यालाही तसं कळवतो."

मला वाटलं, जिंकलो. मी उठलो. नाना उठले नाहीत.

"ह्याच मालाच्या पेट्या अजून कुणाकुणाकडं गेल्यात?"

"त्याचं आम्ही बघू. तुमचं काम झालं ना?"

"साहेब, मी म्हातारा माणूस. उद्या एखाद्याचं तरणं पोरगं बापाची बंदूक उचलंल. त्याचा हात जाईल, डोळा जाईल. तो माल परत येईस्तोवर मी हितंच बसतो. जेवण आणलंय."

त्यांनी खरंच कोटातून भाकरी काढली. दुकानदार घाबरून गिऱ्हाइकांना फोन करू लागला. साहेबांनी कंपनीला फोन लावला. चार वाजेपर्यंत सगळा माल माघारी बोलवायचं ठरलं. दोन गिऱ्हाइकांचे फोन मात्र लागले नाहीत. त्यातला एक पालीचा शेतकरी, दुसरा मांजरसुंब्याचा ढाबेवाला.

"मग चला," नाना मला म्हणाले.

पालीचा शेतकरी समजूतदार निघाला. मांजरसुंब्याच्या ढाबेवाल्यानं मात्र कपाळाला आठ्या घातल्या. त्याची पेटी गल्ल्याखाली पडली होती आणि दुसऱ्या दिवशी शेतावर जाऊन तो ती वापरणार होता. नानांनी त्याला पट्टी सोडून टाके दाखवले. तो आत गेला, पेटी कुलपात टाकली आणि आम्हाला जेवू घातलं. डाळीत मीठ जास्त होतं. नानांनी ती वाटी परत केली.

नवी नळी बसून बंदूक गावात आली, तेव्हा पारावर वाजंत्री होती. जमादार स्वतः आले होते आणि आपल्याला पहिल्यापासून खात्री होती असं सगळ्यांना सांगत होते. सरपंचांनी हार घातला. नानांनी त्यातलं एक सुकलेलं फूल तेवढं काढून सरपंचांच्या हातात दिलं. लोक हसून हसून बेजार झाले. त्या दिवशी गावात नानांसारखा माणूस नव्हता.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर बांधावर गेलो. बार नेहमीसारखा खणखणीत निघाला. डुकरं पळाली असतील. मी वळलो, पण नाना जागेवरच उभे होते, पलीकडच्या वस्तीकडं कान देऊन.

ती वस्ती ऊसतोड्यांची. दिवाळीनंतर तिथली कर्ती माणसं कोयते घेऊन तोडीला जातात आणि मागं म्हाताऱ्या तेवढ्या राहतात. थोड्या वेळानं तिकडून आवाज आला, "ऐकला गं बाई, नानाचा बार." मग दुसऱ्या घरातून एक, मग तिसऱ्या. नाना प्रत्येक आवाजाला मान हलवत होते. एवढे दिवस बंदूक नव्हती, तेव्हा ते रोज दारोदार चालत जाऊन 'बरी हायेस ना' म्हणून विचारून येत, हे मला त्या दिवशी कळलं.

"सरूआत्याचा आवाज आला न्हाई," ते म्हणाले. बंदूक मोकळी करून खांद्याला लावली आणि झपाझप निघाले. मी मागं.

सरूआत्या चुलीपुढं धडधाकट बसली होती. चहा उकळत होता.

"आत्या, बार ऐकला न्हाई व्हय?"

"ऐकला की."

"मग वरडली कावून न्हाई?"

"वरडले असते, तर तू तिथूनच घरी गेला असतास."

नानांनी बंदूक दाराशी टेकवली. त्यांच्या पुण्यातल्या मुलाचा फोन महिन्यातून एकदा येई, आणि त्यांची बायको, आमच्या काकू, जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते पोत्यावर मांडी घालून बसले. आत्यानं गुळाचा कोरा चहा पुढं सरकवला. तो त्यांनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. निघताना दाराशी थांबून हळूच म्हणाले,

"आत्या, उद्यापण न्हाई वरडलीस तरी चालंल."