हलणारा खांब

"आजपासून आपण पृथ्वीचं ऋण फेडतोय. ही इमारत स्वतः श्वास घेते," नव्या इमारतीच्या उद्घाटनाला विमा कंपनीचे मोठे साहेब म्हणाले. खिडक्या उघडायची सोय नसल्यामुळे आतल्या माणसांना तो घेता येत नव्हता, ही गोष्ट वेगळी. गच्चीवर झाडं होती, भिंतींवर वेली होत्या आणि प्रत्येक टेबलावर असा दिवा होता, की खाली हालचाल असेल तरच तो जळावा. विजेचं बिल निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं खांबांनी भोगलं.

खांब म्हणजे विम्याचे दावे तपासणारे गृहस्थ. कंपनीचा आधार म्हणून नव्हे, हलत नाहीत म्हणून हे नाव पडलेलं. दावा वाचायला घेतला की त्यांची पापणीही विचारून लवायची. चार ओळी होतात न होतात तोच दिवा जाई. हात हलवावा तर दिवा येई आणि ओळ हरवे. शेवटी ते जागेवरच, खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात वाचू लागले.

मग मॅनेजरांनी बोलावलं.

"तुमचं टेबल बंद करायचं चाललंय. दिव्याच्या नोंदीत महिनाभर तिथं कोणी बसलेलं नाही."

"मी बसतो की."

"मला माहितेय हो. इमारतीला माहीत नाही. आणि वरचे तिला विचारतात, मला नाही. रिकाम्या टेबलावर गार हवा सोडायची म्हणजे पापच ना."

"आणि मी?"

"टेबलच गेलं तर माणूस ठेवायचा कशावर? जरा हलत चला."

घरी बायको म्हणाली, "लग्न झाल्यापासून सांगतेय, हातपाय हलवा. माझं ऐकलं नाहीत. आता भिंतींचं ऐका."

"अगं, या वयात दुसरीकडे मला कोण उभं करणार?"

"उभं नकोच राहायचं. हला म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी खांब डुलत डुलत वाचू लागले. अक्षरंही डुलू लागली. शेजारच्या टेबलावरचा 'वारा' दिवसभर खुर्चीत गरगर फिरत सगळ्यांशी गप्पा मारी. त्याचा दिवा कधी गेला नव्हता. त्याला दया आली.

"काका, काम करताना हलणं जमत नाही. आधी काम सोडा, मग आपोआप जमतं."

जमलं. गाडी बुडालेल्याला आगीची भरपाई गेली. पाय मोडलेल्याच्या कागदांवर 'चोरी' असा शेरा पडला. एका विधवेचा दावा 'पुरावा अपुरा' म्हणून परत गेला. पुरावा तिसऱ्या पानावर होता, पण तिथवर पोचायला स्थिर बसावं लागलं असतं. महिनाअखेरीस सर्वांत जिवंत टेबल म्हणून खांबांचा सत्कार झाला. टाळ्या वाजवताना सगळे बसल्या जागी डुलत होते.

मॅनेजर मात्र केबिनमध्ये डोळे मिटून कंपनीच्या भवितव्याचा विचार करत. तोच त्यांचा हुद्दा होता. पुढच्या महिन्यात केबिनला कुलूप लागलं. इमारतीच्या मते तिथं कधी कोणी नव्हतंच.

डबा आणि चष्म्याचं घर हातात घेऊन ते खांबांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. खांबांनी या घटकेसाठी पुष्कळ वाक्यं तयार ठेवली होती. त्या विधवेला पाठवलेलं 'पुरावा अपुरा' तर अगदी जिभेवर होतं.

"बोला साहेब," खांब डुलत म्हणाले. "काय म्हणतेय इमारत?"

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. दुसरी जागा नव्हती.

"काही नाही हो. जरा सरकता का?"