तीनशे घोड्यांचा ताप

"काका, कूलर केवढा घ्यायचा हे ठरतं कशावरून?"

गाडीची मागची काच अर्धी खाली करून शिवांगीने विचारून टाकलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. शाळेतल्या मैत्रिणीने, हफीजाने, पैज लावली होती, "गॅरेजात तू तोंड उघडून दाखवच!" रियाधच्या सनाईयात, त्या सगळ्या गॅरेजांच्या वस्तीत, बायका-मुलींनी गाडीत काचा लावून बसायचं आणि बोलायचं ते पुरुषांनी, हे कुणाला शिकवावं लागत नसे.

पण आज बोलणारा पुरुष बाहेर अडकला होता. तिचे बाबा हेमचंद्र बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होते. साधी इस्त्री घ्यायची तरी तीन कोटेशनं मागवायचे. गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवणारा कूलर निवडताना तीन आठवडे गेले होते आणि फाइल फुगून उशीएवढी झाली होती. आणखी एक कोटेशन आणायला म्हणून ते बाहेर पडले, तेवढ्यात अजान झाली आणि नमाजाच्या वेळी सगळी दुकानं बंद होतात तसं शटर खाली आलं. आत उरली तीनशे हॉर्सपॉवरची ती लाल सेकंडहँड गाडी, गाडीत शिवांगी आणि तिची आई विभावरी, आणि गाडीसमोर मालवणचा मेकॅनिक बाळाराम.

"आता अर्धा तास इथेच!" पुढच्या सीटवरून आई अंगावरच्या काळ्या अबायाच्या टोकाने वारा घेत म्हणाली. "सांगून ठेवते, दम्मामच्या रस्त्यावर दोनदा उकळली ही. शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय. आज काही जमलं नाही तर खलास, देऊन टाकायची."

ही गाडी सुरू झाली की शिवांगीच्या अंगावर आनंदाने काटा यायचा. आणि ती द्यायची?

बाळारामने तेलाची पट्टी बाहेर ओढली, बोटावर थेंब घेऊन नाकाशी धरला. "करपलंय," तो म्हणाला. नुसत्या वासावरून! शिवांगी थक्क होऊन बघत राहिली. भिंतीवर कूलर टांगलेले होते, तळहाताएवढ्यापासून परातीएवढ्यापर्यंत. त्यांच्या पत्र्याच्या पट्ट्या इतक्या बारीक की पलीकडचा उजेड गाळून आल्यासारखा दिसत होता.

"मोठाच द्या ना एक," आई म्हणाली.

"वैनी, मोठा लावला तर तो रेडिएटरचं तोंडच बंद करतो. इंजिन तापणार. एसीचीपण हवा जाणार."

"एसी जाईल?" आईचा आवाज एकदम उतरला.

"पोरीने बरोबर विचारलं. गाडी चालवतात कशी, त्यावर ठरतं सगळं. साहेब लय पळवतात काय?"

"छे हो! माझी शपथ आहे त्यांना. गिअरचा दांडा दोनच्या पुढे न्यायचाच नाही. म्हणजे पळायचा प्रश्नच नको."

बाळारामच्या हातातला पाना तिथेच थांबला. "दम्मामला पण? चारशे किलोमीटर? दुसऱ्या गिअरात?"

"जाता-येता," आई अभिमानाने म्हणाली.

बाळाराम हळूच उलट्या डब्यावर बसला. मग उठून त्याने बॉनेटवर हात ठेवला. "वैनी, वीस वर्षं या देशात गिअरबॉक्स उघडतोय. आठशे किलोमीटर अशी किंचाळत जाऊन जिवंत राहिलेला पहिलाच बघतो. तेल करपणारच."

शिवांगीला वाटलं, खाली उतरून गाडीला मिठीच मारावी. "काका, दांडा 'डी'वर टाकला तर?"

"तर आपले आपण गिअर बदलत ही गाणं म्हणत जाईल. हळू जायला दांडा लागत नाही गो, एक्सलेटरवरचा पाय हलका लागतो. उन्हाळ्यासाठी तो मधला कूलर लावू, पुस्तकाएवढा."

आई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. तिला ते बराच वेळ सापडलं नाही.

शटर वर गेलं. घामाने निथळलेले बाबा फाइल नाचवत आत आले. "ठरलं! सगळ्यात मोठा! ऑफिसातल्या चौघांना फोन केला, एकमत आहे!"

दार उघडून शिवांगी सरळ खाली उतरली. शेजारच्या गॅरेजांतले दोन-तीन पाने थांबले.

"बाबा, मधला घ्यायचा. तेल बदलायचं. गाडी विकायची नाही. गुरुवारी आपण दम्मामला जाणार, दांडा 'डी'वर ठेवून." तिने आईकडे वळून पाहिलं. "आणि आई, तू मागे बसायचंस. पुढे, दांड्याशेजारी, मी."